ब्रेक कोणासाठी असतो?



आपल्या युवक मंडळातील दोघातिघांनी अलीकडे मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला. लंडन, न्यू यॉर्क, टोकियो अशा शहरांत काही तरुण ब्रेक नसलेल्या सायकली भर रहदारीत चालवतात, हे त्यांनी मोबाईलवर पाहिले होते. "फादर, ज्याला सायकल उत्तम येते त्याने ब्रेक काढले तर त्यात पाप कसले? पडला तर तोच पडेल ना?" असा त्यांचा सवाल.

प्रश्न वरवर पोरकट वाटेल. पण सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही ज्या प्रश्नांवर तासन् तास डोके खाजवत असू, त्यातले तीनचार मोठे प्रश्न या एका सायकलीत दडलेले आहेत. माझे स्वातंत्र्य कुठे संपते? कौशल्य आले की नियमांची गरज संपते का? आणि ज्या चुकीमुळे कोणाचेच नुकसान झाले नाही, ती चूक म्हणायची का? तेव्हा आज या सायकलीचाच विचार करू या.

ही सायकल वेगळी कशी?

आपल्याकडची साधी सायकल सर्वांच्या ओळखीची आहे. पायडल मारणे थांबवले तरी ती पुढे धावत राहते आणि मागच्या चाकातून कट् कट् आवाज येतो. ही फ्रीव्हीलची करामत. चाक फिरते, पाय मात्र स्थिर राहू शकतात. अशा सायकलीचे ब्रेक काढले तर ती थांबवायला काहीच उरत नाही. मग जमिनीवर चप्पल घासायची नाहीतर समोरच्या कुंपणाचा आधार घ्यायचा! आपली काही मुले कसरती करण्याच्या हौसेने ब्रेकच्या वायरी काढून टाकतात. त्यांच्याबाबत फार तत्त्वज्ञान सांगण्याची गरज नाही. ती वायर आजच्या आज परत बसवा, एवढेच पुरे.

'फिक्स्ड गिअर' सायकलीची गोष्ट निराळी आहे. परदेशी तरुण तिला लाडाने 'फिक्सी' म्हणतात. तिच्यात फ्रीव्हील नसते. मागचे चाक आणि पायडल साखळीने कायमचे जखडलेले असतात. चाक फिरते आहे तोवर पायही फिरलेच पाहिजेत. उतारावरसुद्धा पायांना विश्रांती नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा की पायांनी उलटा जोर दिला तर चाकाचा वेग कमी होतो. सराव झालेला स्वार शरीर किंचित पुढे झुकवून मागच्या चाकावरचा भार हलका करतो, पाय घट्ट रोखून धरतो आणि चाक घसरवत सायकल थांबवतो. म्हणून हे स्वार म्हणतात, "आमचे पायच आमचे ब्रेक. मग हँडलवर आणखी ब्रेक कशाला?"

त्यांचा हा मुद्दा खोटा नाही. सायकलीशी एकजीव झाल्याचा आनंद, सुटसुटीत यंत्र, बिघडायला जागा कमी, अंगी बाणवलेले कसब, या साऱ्यांची त्यांना ओढ असते. या ओढीला मी वाईट म्हणणार नाही. देवाने दिलेले शरीर चपळपणे वापरता यावे, यात आनंद मानण्यासारखेच आहे.

धावपट्टीवरचा शहाणपणा

ब्रेक नसलेली सायकल मुळात वेडेपणातून जन्मलेली नाही. तिचे घर आहे शर्यतीची बंदिस्त धावपट्टी, म्हणजे वेलोड्रोम. तिथे आजही सायकलींना ब्रेक नसतात आणि नियमानेच नसतात. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा इथे सुरू झालेली 'केरिन' शर्यत अशाच सायकलींवर होते. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून ती ऑलिंपिकमध्येही आहे.

तिथे ब्रेक का नको? कारण सारे स्वार एकाच दिशेने, एकमेकांच्या अगदी जवळून, प्रचंड वेगाने धावत असतात. त्यातल्या एकाने अचानक ब्रेक दाबला तर मागचे सारे त्याच्यावर कोसळतील. कोणालाच एकदम थांबता येऊ नये, यातच तिथे सर्वांची सुरक्षितता आहे.

हे नीट लक्षात घ्या, कारण आपल्या प्रश्नाची अर्धी गुरुकिल्ली इथेच आहे. धावपट्टीवर ब्रेक काढतात तो शेजारच्या स्वाराच्या भल्यासाठी. तिथे समोरून गाडी येत नाही, आडवी गल्ली नाही, चेंडूमागे धावणारे मूल नाही. शिवाय तिथला प्रत्येक जण धोका समजून, स्वखुशीने उतरलेला असतो.

आता तीच सायकल रस्त्यावर आणा. नटबोल्ट तेच, चाके तीच, स्वारही तोच. पण कृत्य मात्र तेच राहत नाही. आपले नीतिशास्त्र सांगते की कोणत्याही कृतीची पारख करताना तीन गोष्टी पाहाव्यात: प्रत्यक्ष काय केले, कोणत्या हेतूने केले आणि कोणत्या परिस्थितीत केले. जी कृती एका ठिकाणी शेजाऱ्याचे रक्षण करते, तीच दुसऱ्या ठिकाणी त्याला उघड्यावर टाकते.

रस्त्यावर आलेली सायकल

न्यू यॉर्क, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांत कागदपत्रे पोचवणारे कुरियर सायकलस्वार ही सायकल रस्त्यावर वापरू लागले. मोडतोड कमी, दुरुस्ती स्वस्त, म्हणून ती त्यांच्या पोटापाण्याच्या कामाला सोयीची होती. पुढे तिची फॅशन झाली. २०१२ साली 'प्रीमियम रश' हा इंग्रजी चित्रपट आला, त्याचा नायकच ब्रेक नसलेल्या सायकलीवरचा कुरियर आहे.

निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनी या सायकलीची दखल घेतली आहे. ब्रिटनमध्ये १९८३ च्या नियमांनुसार सायकलीला थांबवण्याच्या दोन स्वतंत्र सोयी लागतात. फिक्स्ड गिअर असेल तर पायडलचा रोध मागच्या चाकापुरता धरला जातो, पण पुढच्या चाकाला ब्रेक हवाच. जपानमध्ये तर, जिथे केरिनची शर्यत जन्मली त्याच देशात, रस्त्यावरच्या सायकलीला पुढे आणि मागे दोन्हीकडे ब्रेक सक्तीचे आहेत.

अमेरिकेत पोर्टलंड शहरात २००६ साली एक खटलाच झाला. ब्रेक नाही म्हणून पोलिसाने एका फिक्स्ड गिअर सायकलस्वाराला दंड केला. बचावाचे म्हणणे असे की, कायद्याला चाक घसरवून थांबवणारा ब्रेक हवा आहे. आमचा गिअर आणि पाय मिळून तेच काम करतात. न्यायाधीशांनी ते मानले नाही. फिक्स्ड गिअर म्हणजे ब्रेक नव्हे, असा निकाल दिला.

पण बंधुभगिनींनो, कायद्याने बंदी आहे म्हणून एखादी गोष्ट वाईट, असे म्हणून आपण थांबलो तर आपण विचार केलाच नाही. उद्या कायदा बदलला तर काय? म्हणून या तरुणांचे म्हणणे एकेक करून तपासू या.

"आमचे पायच ब्रेक आहेत"

बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरने जोरात ब्रेक दाबला की आपण सारे पुढे फेकले जातो. सायकलीचेही तेच होते. थांबताना भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाची रस्त्यावरची पकड कमी होते. फिक्सीवरचा स्वार पायांनी रोखू शकतो ते नेमके हे मागचे चाक. आणि ते घसरू लागले की पकड आणखी कमी होते. पाय कितीही दणकट असोत, रस्ता त्यांना त्याहून अधिक साथ देऊ शकत नाही.

थोडा हिशेब करू. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे ७ मीटर पुढे जाते. समोरचे संकट डोळ्यांनी टिपून हातापायांपर्यंत हुकूम पोचेतो एवढे अंतर सहज निघून जाते. त्यानंतर सपाट, कोरड्या रस्त्यावर पुढचा ब्रेक चांगला असेल तर सायकल साधारण ५ मीटरांत थांबवता येते. फक्त मागच्या चाकाच्या भरवशावर थांबवायची तर त्याच्या दुप्पट, म्हणजे १० मीटरच्या आसपास अंतर लागते. मधले ५ मीटर म्हणजे आपल्या देवळाच्या पायऱ्यांसमोर शेजारी शेजारी उभी राहिलेली आठदहा माणसे.

आणि साखळी तुटली किंवा निसटली तर? मग पाय मोकळेच फिरतात आणि हातात काहीच उरत नाही. ज्या यंत्राचा सारा भरवसा एकाच साखळीवर आहे, ते यंत्र सुटसुटीत खरे, पण त्याला दुसरी संधी नाही.

"माझा जीव, माझी मर्जी"

इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ साली 'ऑन लिबर्टी' हा ग्रंथ लिहिला. प्रौढ माणसाच्या स्वातंत्र्यावर समाजाने बळजबरीने मर्यादा घालायची ती इतरांना होणारी इजा टाळण्यासाठीच. केवळ त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी नव्हे, असे त्यांचे सूत्र. आपली ख्रिस्तसभा सगळ्याच बाबतीत मिल यांच्याशी सहमत नाही. आपला जीव ही आपली खाजगी मालमत्ता नसून देवाने सांभाळायला दिलेली ठेव आहे, असे आपण मानतो. पण क्षणभर मिल यांचेच म्हणणे धरून चालू. तरीही ब्रेक काढणारा तरुण सुटत नाही. कारण रस्ता त्याच्या एकट्याचा नाही.

लंडनमध्ये २०१६ सालच्या फेब्रुवारीत एक ४४ वर्षांची स्त्री दुपारी रस्ता ओलांडत होती. दोन मुलांची आई. १८ वर्षांचा एक तरुण फिक्स्ड गिअर सायकलवरून येत होता. ती सायकल धावपट्टीची होती, तिला पुढचा ब्रेक नव्हता. त्याने ओरडून इशारा दिला, पण धडक झाली. त्या स्त्रीच्या डोक्याला मार लागला आणि काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. २०१७ साली खटला चालला. सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून तो सुटला, पण बेदरकारपणे वाहन हाकून इजा केल्याबद्दल १८६१ सालच्या जुन्या कायद्याखाली त्याला दोषी ठरवले गेले आणि १८ महिन्यांची शिक्षा झाली. घोडागाड्यांच्या काळातला कायदा त्या दिवशी सायकलीला लावावा लागला!

पुढचा ब्रेक असता तर तो थांबू शकला असता का, यावर त्या खटल्यात बराच वाद झाला. त्याला कोणाचा जीव घ्यायचा होता, असे कोणीच म्हटले नाही. त्या मुलाला दगड मारायला मी ही गोष्ट सांगत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच: "पडला तर तोच पडेल" हे वाक्य त्या दुपारी खोटे ठरले. धोका पत्करायचा की नाही हे त्या स्त्रीला कोणी विचारले नव्हते. सायकलीला ब्रेक आहे की नाही, हे रस्ता ओलांडणाऱ्याला दिसतही नाही. रस्त्यात पाऊल टाकणारी प्रत्येक व्यक्ती एक विश्वास उराशी धरून पाऊल टाकते, की येणाऱ्याला थांबता येते. हा न बोललेला करार आहे. ब्रेक काढणारा तो करार एकट्यानेच मोडतो आणि दुसऱ्याला कळवतही नाही.

"ब्रेक नाही म्हणून आम्ही जास्त सावध असतो"

हा युक्तिवाद मला त्यांच्या सर्व युक्तिवादांत बळकट वाटतो. ब्रेक नसला की स्वार दूरवर नजर ठेवतो, गर्दी आधीच हेरतो, वेग बेताचा ठेवतो. उलट उत्तम ब्रेक असलेला माणूस त्यांच्या भरवशावर बेफाम सुटू शकतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ब्रेक असले म्हणजे माणूस शहाणा होतो असे मुळीच नाही.

पण इथे धैर्य आणि धाडस यांतला फरक ओळखला पाहिजे. ॲरिस्टॉटलने शिकवले की धैर्य हे भित्रेपणा आणि उतावीळ धाडस यांच्या मधोमध असते. आणि ते धैर्य ठरते ते कशासाठी धोका पत्करला यावरून. बुडणाऱ्याला वाचवायला पाण्यात उडी घेणारा शूर. मित्रांनी पाहावे म्हणून पुलावरून उडी घेणारा शूर नव्हे, जरी दोघांची उडी सारखीच उंच असली तरी.

संत थॉमस अक्वीनस यांनी विवेक या सद्‌गुणाचे भाग सांगताना दूरदृष्टी, सभोवतालचे भान आणि सावधगिरी यांची नावे घेतली आहेत. सावधगिरीबद्दल त्यांनी एक फार व्यवहारी गोष्ट सांगितली आहे. काही संकटे वारंवार येतात, ती बुद्धीला आधी कळतात आणि टाळता येतात. पण काही संकटे क्वचित आणि अवचित येतात. त्यांना अंत नाही, म्हणून ती आधी ओळखता येत नाहीत. तरीही विवेकी माणूस आपली तयारी अशी ठेवतो की ती आलीच तर कमीत कमी हानी व्हावी.

सातशे वर्षांपूर्वी, सायकलीचा मागमूसही नसताना, संत थॉमस यांनी जणू ब्रेकचेच कारण सांगून ठेवले! स्वाराची सावधगिरी त्याला जे दिसते त्यासाठी असते. ब्रेक असतो तो जे दिसत नाही त्यासाठी. उभ्या टेम्पोआडून अचानक धावत आलेल्या मुलाला तुमची तीक्ष्ण नजर आधी पाहू शकत नाही, कारण ते मूल टेम्पोआड होते. म्हणून "मी फार सावध आहे" हे ब्रेक काढण्याचे कारण होऊ शकत नाही. खरा सावध माणूस आपल्या सावधगिरीवरही थोडा अविश्वास ठेवतो. यालाच आपण नम्रता म्हणतो.

इथे एक गोष्ट आपल्या घरची. हँडलला रोझरी बांधली, पुढे पवित्र क्रूसाचे चित्र लावले, की देव सांभाळील असे काहींना वाटते. देव सांभाळतोच. पण मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने सुचवले तेव्हा प्रभू येशूने ते नाकारले (मत्तय ४:५-७). देवावर भरवसा ठेवणे वेगळे आणि देवाची परीक्षा पाहणे वेगळे.

"मोटारी किती माणसे मारतात ते पाहा"

हेही खरे आहे. सायकल आणि स्वार मिळून शंभर किलोच्या आत, मोटार हजार-दीड हजार किलोची. रस्त्यावर जे जीव जातात त्यात मोटारी आणि ट्रक यांचा वाटा कुठे, सायकलींचा कुठे! सायकलस्वार स्वतःच बहुधा बळी असतो. एका सायकलीवर एवढा गहजब आणि मोटारींकडे डोळेझाक, अशी तक्रार हे तरुण करतात. त्यांच्या तक्रारीत न्याय आहे. कॅथोलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २२९०) दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हव्यासाने स्वतःच्या आणि इतरांच्या जिवाला धोक्यात घालणाऱ्यांना गंभीर दोषी म्हटले आहे. तिथे मोटार की सायकल असा भेद केलेला नाही.

मात्र शेजाऱ्याचे मोठे पाप दाखवल्याने आपले छोटे पाप पुण्य होत नाही. उलट या तक्रारीतून आपण सर्वांनीच धडा घ्यायला हवा. लाल दिवा तोडणारा मोटारवाला, दारू पिऊन बाईक हाकणारा, टेम्पोत मावेल त्याच्या दुप्पट माल भरणारा, यांनीही आपापला ब्रेक काढूनच ठेवलेला असतो. त्यांच्या ब्रेकचे पायडल जागेवर आहे, एवढाच काय तो फरक.

"पण काही झाले नाही ना!"

आता शेवटचा आणि कठीण प्रश्न. समजा दोन तरुणांनी एकाच दिवशी ब्रेक काढले. पहिला वर्षभर फिरला, त्याला कोणी आडवे आले नाही. दुसऱ्याच्या वाटेत एक बाई आली. पहिल्याला मित्र शाबासकी देतात, दुसरा तुरुंगात जातो. दोघांनी केले ते एकच. मग दोष कोणाचा किती?

अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७० च्या दशकात या कोड्यावर प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांनी घेतलेल्या उदाहरणांतले एक ब्रेकचेच आहे. एका ट्रक ड्रायव्हरने बरेच दिवस ब्रेक तपासून घेतलेले नाहीत आणि एक मूल अचानक चाकाखाली येते. ते मूल रस्त्यात आलेच नसते तर त्याला एवढेच वाटले असते की ब्रेक बघून घ्यायचे राहिले. मूल आले, आणि तीच हयगय आयुष्यभराचे ओझे झाली. मूल येणे न येणे त्याच्या हातात नव्हते. मग नशिबाने आपली नैतिक योग्यता ठरावी का, हा नेगल यांचा प्रश्न. आपल्या या चर्चेची सुरुवात ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नर्ड विल्यम्स आणि नेगल यांच्यापासून झाली आणि ती अजून संपलेली नाही.

मला यावर एवढेच सुचते. परिणामाचे ओझे दोघांचे वेगळे असेल. न्यायालय आणि समाज ते वेगळे मोजणारच, कारण एका घरात खुर्ची रिकामी झाली आहे. पण देवासमोर हृदय उघडे असते आणि हृदयाचा निर्णय चौकात झालेला नसतो. चौकात तर अर्ध्या सेकंदाचाही अवकाश नव्हता, तिथे कोण काय ठरवणार? निर्णय झाला तो त्याआधी, घराच्या ओट्यावर, शांतपणे, हातात पाना घेऊन ब्रेकचा नट सैल करताना. त्या वेळी भरपूर वेळ होता. त्या वेळी त्या अनोळखी बाईचा विचार करता आला असता. पहिला तरुण निर्दोष नाही. तो केवळ वाचला आहे. आणि वाचलेल्या माणसाने शाबासकी न घेता देवाचे आभार मानावेत आणि पाना पुन्हा हातात घ्यावा.

घराच्या गच्चीचा कठडा

जुन्या करारात एक छोटासा नियम आहे, वाचताना आपण तो सहज ओलांडून जातो. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा बांध. नाहीतर कोणी वरून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा त्याचा आशय (अनुवाद २२:८). त्या देशात घरांची छपरे सपाट असत. लोक तिथे बसत, झोपत, प्रार्थना करत.

या नियमाची गंमत पाहा. घरमालकाला आपली गच्ची पाठ असते. अंधारातही त्याचा पाय काठावर जाणार नाही. कठडा त्याच्यासाठी नाहीच! तो आहे पाहुण्यासाठी, शेजारच्या मुलासाठी, नीट न दिसणाऱ्या म्हाताऱ्या आजीसाठी. "मी कधी पडलो नाही" असे म्हणून मालकाला सुटता येत नाही. आणि कोणी पडेपर्यंत थांबायलाही देव सांगत नाही. घर बांधतानाच कठडा बांध, असे सांगतो.

ब्रेक हा सायकलीचा कठडा आहे. तो कौशल्याचा अपमान नाही. तुम्हाला सायकल येत नाही म्हणून तो बसवायचा नसतो. या रस्त्यावर तुमच्याखेरीज आणखी कोणी तरी आहे, त्याचेही काही चुकू शकते, आणि त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, म्हणून तो असतो. रस्त्यात न पाहता पाऊल टाकणाऱ्याचे चुकते हे मान्य. पण चुकणाऱ्या माणसालाही घरी परत जाता यावे, एवढी जागा त्याच्यासाठी ठेवणे, याला मी शेजारप्रीती म्हणतो.

म्हणून माझ्या तरुण मित्रांना माझे उत्तर सरळ आहे. फिक्स्ड गिअर सायकल आवडते? खुशाल चालवा. तिचे कसब शिका, पायांनी वेग आवरायला शिका. धावपट्टी मिळाली तर तिथे तिथल्या नियमाने ब्रेकशिवाय धावा. पण रस्त्यावर येताना पुढच्या चाकाला एक चांगला ब्रेक हवाच. कदाचित महिनोन् महिने तुम्ही तो दाबणारही नाही. हरकत नाही. गच्चीचा कठडाही रोज कोणाला अडवत नसतो.

आणि आपण बाकीचे? आपण कोणी हौसेने ब्रेक काढलेले नाहीत. पण काढून टाकलेला ब्रेक आणि झिजू दिलेला ब्रेक, रस्त्यावरच्या मुलासाठी दोन्ही सारखेच. घरी गेल्यावर आपली सायकल, आपली बाईक, मुलांच्या शाळेच्या सायकली एकदा पाहून घ्या. रबर झिजले असेल, वायर सैल झाली असेल, तर पुढच्या रविवारपर्यंत थांबू नका. ज्याचे नाव आपल्याला कधी कळणार नाही आणि जो आपले आभारही मानणार नाही, अशा कोणासाठी तरी ते काम करायचे आहे.

प्रभू तुम्हा सर्वांना रोज सुखरूप घरी आणो, आणि तुमच्या वाटेत येणाऱ्यांनाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू